चार लाल ठिपके

पवनानगर
११ नोव्हेंबर २०२४

उस्ताद राजमहंमद यांना भागूचा नमस्कार.

खुशालीचं इचारत बसत न्हाई. अरबाजला फोन केला तर तुमचा लेक म्हणला, काकी, आब्बांना आता काय ऐकू येत न्हाई, मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत न्हाईत, कागदावर लिहून धाडा, मोठ्या अक्षरात. म्हणून सृष्टीच्या जुन्या वहीची पानं फाडलीत. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या. पत्र सोपानच्या जीपमधनं येतंय, तो रोज दुधिवरे खिंडीतनं लोणावळ्याला येतो. पाकिटाला डिंक लावलाय. सोपानला दुसऱ्याचं वाचायची खोड आहे.

काम असं. लांबडी अजून गोठ्यात उभी आहे. ह्यांनी, म्हंजे तुमच्या कैलासनं, लोणावळ्याच्या पारशी शेठच्या बंगल्यावरनं आणलेली जुनी अमेरिकन गाडी, तुमीच तिला वीस वर्षं जगवली. नवरानवरीला बसवून तिनं मावळातली निम्मी लग्नं केली. ह्यांना जाऊन सव्वादोन वर्षं झाली, तेव्हापासनं ती जाग्यावरनं हललेली न्हाई. आता धरणाकाठचा तंबूवाला ती मागतोय. इंजिन भंगारात देणार, पत्र्याला दिवे लावणार आणि लोक तिच्यात बसून फोटो काढणार. मी व्हय म्हणलंय. सोळा डिसेंबरला तो न्यायला येतो.

पण त्याच्या आत मला एक कळायला पायजे. खिंडीच्या चढाला ती बंद का पडली? बंद पडली म्हणून हे खाली उतरले, चाकामागं दगड लावायला वाकले, आणि धुक्यातनं टेम्पो आला. टेम्पोवाल्याचं मी काय बोलत न्हाई, त्याला दिसलंच न्हाई. पण ती बंद पडलीच नसती तर?

कुणाला सांगितलेलं न्हाई ते तुमाला सांगते. गाडीचं तेल बघायचं काम माझं होतं. त्या सकाळी पाऊस, लग्नाची घाई, तेल जरा कमी दिसलं म्हणून म्या वरनं ओतलं. घरात दोन डबे होते, सारख्या रंगाचे. एक लांबडीचा, एक पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचा, त्यातलं तेल पातळ. म्या कुठला उचलला ते मला आजबी आठवत न्हाई. हे सांगायचे, लांबडीच्या टापेटात, म्हंजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्यात, तेल भरतं, म्हणून ते आपली फट आपणच भरून काढतात. मग तेल चुकलं तर गाडी बंद पडती का? व्हय का न्हाई, एवढंच लिहा. मला बरं वाटावं म्हणून काय लिहू नका.

भागू


लोणावळा
१६ नोव्हेंबर

भागू बेटी,

तुझं पत्र सोपानने हातात दिलं आणि मी वाचून होईस्तोवर समोर उभा राहिला. त्याला चहा पाजून घालवला.

माझे कान गेल्या वर्षीच्या तापात गेले. गॅरेज अरबाज बघतो. मी दारात खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. पातळ तेल गेलं असेल तर त्या टापेटांना दाब मिळत नाही, गाडी ओढत नाही. असं होऊ शकतं. झालंच असेल असं मी म्हणत नाही. झालं असेल तरी घाईत माणसाच्या हातून होतं, वरच्याची मर्जी म्हणायची. मनाला लावून घेऊ नकोस.

आता ते इंजिन उघडू नकोस. एवढे दिवस पडलेलं इंजिन उघडून हाताला काही लागत नाही. तंबूवाल्याला नेऊ दे. सृष्टीचं कॉलेज कसं चाललंय ते लिही.

राजमहंमद


पवनानगर
२१ नोव्हेंबर

उस्ताद,

सृष्टीचं बरं चाललंय.

तुमी व्हय लिहिलंत. आडून लिहिलंत, पण व्हयच लिहिलंत. मी इचारलं होतं, तुमी सांगितलं, तुमचा दोष न्हाई. पण तुमचं पत्र आल्यापासनं मी स्वयंपाकघरात तेलाच्या किटलीला हात लावलेला न्हाई. सृष्टी फोडणी टाकती. ती इचारती, आई काय झालंय. मी म्हणते हात भाजलाय.

इंजिन मी उघडणार. आता माझ्यानंच झालंय तर ते डोळ्यांनी बघितल्याबिगर मी गाडी देणार न्हाई. सोमाटण्याहून एक मिस्त्री आणलावता. त्यानं वरचं झाकण काढलं आणि खिशातनं पातळ पत्ती काढून नटाखाली सरकवायला लागला. म्या म्हणलं, काय मोजतोस? म्हणला, मावशी, फट ठेवावी लागती. म्या म्हणलं, ह्यात फट ठेवायची नसती, ह्यात तेल असतंय. तर म्हणतो, मावशी, तुमी भाकरी करा, मी गाडी करतो. म्या म्हणलं, पत्ती उचल आणि घरी भाकरी खायला जा.

झाकण तेवढं निघालंय. आत बारा नट दिसतात, एका वळीत, आणि प्रत्येकाखाली एक सळई. वीस वर्षं ह्यांच्या हातात पाने मीच दिलेत, पान्याचे आकडे मला पाठ आहेत. पण नट किती आवळायचे ते ह्यांनी कधी सांगितलं न्हाई, मी कधी इचारलं न्हाई. तुमी सांगा. आणि "नको उघडू" पुन्हा लिहू नका, झाकण निघालंय.

भागू


लोणावळा
२४ नोव्हेंबर

भागू बेटी,

तू ऐकणार नाहीस. कैलास म्हणायचा, घरात माझं कुणी ऐकत नाही म्हणून मी तुमच्याकडे येतो. तेव्हा हसायचो.

सोमाटण्याच्या माणसाला हाकललंस ते बरं केलंस. त्याच्या पत्तीने सगळं बिघडलं असतं. या टापेटांना फट चालत नाही, दाबही चालत नाही. मधलं पाहिजे. नीट वाच.

बॅटरीची तार आधी काढ. पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरव. सहा सिलिंडर आहेत, प्रत्येकाचे दोन व्हॉल्व्ह. एकेका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील तेव्हाच त्याचे दोन नट हाताळायचे. बंद कधी, ते कळायला सोपं: दोन्ही सळया खाली बसलेल्या असतात, इंजिन थोडं पुढेमागे केलं तरी हलत नाहीत. मग नट ढिला कर. सळई चिमटीत धर. ती मोकळी होऊन वरखाली हलायला लागेल. आता चिमटीत सळई फिरवत फिरवत नट आवळत ये. वरखाली हलणं थांबेल आणि सळई फिरताना बोटाला किंचित जड लागेल. पिठाच्या गोळीसारखी. तिथे थांब. ती खरी जागा. तिथून पुढे अर्धा फेरा. अर्ध्याच्या वर नाही.

जास्त आवळलंस तर टापेटातल्या तेलाला मागे सरकायला जागा राहत नाही. मग व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. थंड इंजिन गोड चालतं, आवाज नाही, काही नाही. गरम झालं की दम जातो आणि चढाला बंद पडतं. म्हणून अर्धा फेरा.

हे मी चाळीस वर्षं शिकवलं. चुकीचं लिहायला हात वळत नाही.

राजमहंमद


पवनानगर
२८ नोव्हेंबर

उस्ताद,

केलं. तीन दिवस लागले. म्हशी पाठीमागं, मी गाडीवर वाकलेली, सृष्टी पुलीला पाना लावून फिरवणार आणि "झालं का आई, झालं का" म्हणत राहणार. ती माझ्यावरच गेलीय, तिला धीर न्हाई.

पिठाच्या गोळीसारखं तुमी लिहिलंत ते बरोबर आहे. पहिल्या नटाला कळलं न्हाई, दुसऱ्याला कळलं. भाकरीचं पीठ मळताना हाताला कळतं तसंच कळतं, आता बास, आता पाणी नको.

एक सांगायचं आहे. ढिले करताना मी प्रत्येक नटाचे फेरे मोजले. तुमी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, चुकलं तर जसंच्या तसं परत बसवता आलं पायजे. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं बारा रेघा मारल्या आणि प्रत्येकीपुढं आकडा लिहिला. आठ नट अर्ध्या फेऱ्यात मोकळे झाले. एकदम तुमच्या हिशेबानं, अर्धा म्हंजे अर्धा. पण चार नट मोकळेच होईनात. एक फेरा, दोन फेरे, तिसरा संपत आला तवा कुठं सळई हलली. चौघांचंबी तसंच.

आणि त्या चारी नटांवर लाल ठिपके आहेत. सृष्टीनं बघितलं आणि ओळखलं, तिच्या नखाच्या रंगाचे आहेत. मग मला आठवलं. शेवटच्या लग्नाच्या दोन दिवस आधी गाडी टकटक करत होती. ह्यांनी लांब डिस्मिस इंजिनाला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून चार जागा शोधल्या, आणि सृष्टीची बाटली मागून ठिपके दिले. म्हणले, उस्तादांना शोधत बसायला नको. मग गाडी घेऊन तुमच्याकडं आले.

म्हंजे हे चार तुमी आवळलेले. मग तीन फेरे का? माझी मोजणी चुकली म्हणाल तर चुकलेली न्हाई, सृष्टीनं परत मोजलं.

भागू


लोणावळा
१ डिसेंबर

भागू बेटी,

गाडी एवढे दिवस उभी राहिली की टापेटातलं तेल उतरून जातं. मग नटाचे फेरे खरे लागत नाहीत. त्यावरून काही काढू नकोस.

तब्येत बरी नाही. जास्त लिहवत नाही.

राजमहंमद


पवनानगर
३ डिसेंबर

उस्ताद,

बाकीचे आठबी त्याच गाडीत, त्याच गोठ्यात, तेवढेच दिवस उभे होते. त्यांचं तेल उतरलं न्हाई का?

मला शाळा न्हाई पण मला मूर्ख समजू नका. तुमचं चोवीस तारखेचं पत्र माझ्यापुढं आहे. थंड इंजिन गोड चालतं, गरम झालं की दम जातो, चढाला बंद पडतं. तुमीच लिहिलंय, तुमच्याच अक्षरात. लोणावळ्याहून आणताना आमच्या बाजूला उतार होता म्हणून ती घरापर्यंत आली. आल्यावर हे म्हणले होते, आवाज गेला खरा, पण गरम झाल्यावर दम खातीय, उद्या परत दाखवून येतो. म्या म्हणलं, आवाज गेला ना, मग आता काय तिची आरती करायचीय? परवा लगीन आहे.

परत दाखवायला गेले न्हाईत. माझ्यामुळंच.

काल अरबाजला फोन केला. म्या साधंच इचारलं, आब्बांचे कान कधी गेले रे. म्हणला, काकी, कोरोनाच्या पहिल्या वर्षापासनंच. आमाला कळलं उशिरा, ते सांगतच न्हवते. म्या म्हणलं, गेल्या वर्षीच्या तापात न्हाई का? म्हणला, ताप? कसला ताप?

मग मला दिवाळी आठवली, हे जायच्या आधीची. आमी दोघं फराळ घेऊन आलतो. गॅरेजच्या दारात पोरांनी फटाक्यांची माळ लावली, तुमच्या पाठीमागं, दोन हातांवर. मी दचकले, हे दचकले, कुत्रं पळालं. तुमी बशीत चहा ओतत होता तो ओततच राहिलात. घरी येताना म्या म्हणलं, म्हातारा लय धीराचा. हे काही बोलले न्हाईत.

तर तुमी चालू इंजिनावर कानानं नट लावायचा, आणि कान न्हवते. त्या चार नटांचं खरं काय ते लिहा. पहिल्यांदा सांगितलं होतं तेच, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. आता तुमाला बरं वाटावं म्हणूनबी लिहू नका.

भागू


पवनानगर
८ डिसेंबर

सोपान रोज हात हलवत येतो. आज त्यानंच इचारलं, मावशी, म्हाताऱ्याशी भांडलात का.

सोळा तारीख आठ दिवसांवर आहे.

भागू


लोणावळा
१० डिसेंबर

भागू बेटी,

हे पत्र अरबाजला दाखवलेलं नाही. तू दाखवलंस तर माझी हरकत नाही.

कान २०२० साली गेले. आधी पक्ष्यांचा आवाज गेला, मग अजान, मग टापेटाची टकटक. माणसांचं बोलणं ओठांवरून ओळखायचो, इंजिनाची घरघर पायातून, बोनेटवरच्या हातातून कळायची, म्हणून लोकांना वाटायचं मला ऐकू येतंय. टकटक हातातून कळत नाही, ती बारीक असते. चिमटीने करावं तर साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालेली, सळई मोकळी फिरते की अडते, काही समजत नाही. तुला पिठाच्या गोळीचं लिहिलं ते आठवणीतून लिहिलं.

कुणाला सांगितलं नाही. आंधळा शिंपी आणि बहिरा मिस्त्री, कोण येणार? नवीन गाड्या मी घेत नव्हतो, अरबाज करायचा. पण लांबडी माझीच होती. तिला अरबाजचा हात लागू दिला नसता.

माझी एक युक्ती होती. चालू इंजिनावर नट ढिला केला की टकटक सुरू होते, आवळत गेलं की थांबते, थांबल्यावर अर्धा फेरा. थांबली कधी ते मला ऐकू येत नसे. पण कैलास नेहमी समोरच्या बाजूला उभा असायचा, आणि त्याची एक सवय होती. आवाज थांबला की तो नाक खाजवायचा. दर वेळी. मी नटाकडे बघतोय असं दाखवून त्याच्या नाकाकडे बघायचो. त्याने नाक खाजवलं की मी पाना थांबवायचो. त्याच्या नकळत त्याचे कान वापरायचो. दोन वर्षं असं चाललं, एक नट चुकला नाही.

त्या दिवशी मी पहिला ठिपक्याचा नट धरला आणि त्याला फोन आला. तो फाटकाबाहेर गेला. बराच वेळ. एक हात हवेत उडवत होता, पलीकडचं माणूस भांडत असावं. मी थांबायला हवं होतं. पण दोन गिऱ्हाईकं बाकावर बसलेली, अरबाज पलीकडून बघतोय, इंजिन चालू. थांबलो असतो तर कशासाठी थांबलो हे सांगावं लागलं असतं. मी अंदाजाने आवळत गेलो. वाटलं अजून वाजत असेल, आणखी थोडं. चारही. कैलास परत आला तेव्हा आवाज नव्हता. जास्त आवळल्यावरही आवाज नसतो, भागू. तिथेच माणूस फसतो. त्याने कान देऊन ऐकलं, मान हलवली, माझ्या पाया पडला आणि गेला.

दोन दिवसांनी अरबाज रडत काही सांगायला लागला, ओठ कळेनात, तेव्हा कानांचं त्याला सांगावं लागलं आणि त्याने कागदावर लिहून मला सांगितलं. मी त्याला विचारलं, गाडी कुठे बंद पडली. त्याने लिहिलं, चढाला. तेव्हाच मला कळलं.

तुझ्या तेलाने काही झालं नाही. वरून ओतलेल्या तेवढ्या तेलाने असं इंजिन बंद पडत नाही. तुझं पहिलं पत्र वाचतानाच मला माहीत होतं. तरी मी तसं लिहिलं. का लिहिलं ते विचारू नकोस, मलाही तोंड वर करून सांगता येत नाही. तू तुझ्या हाताने ओझं माझ्यापुढे ठेवलंस आणि मी ते उचलून तुझ्याच डोक्यावर नीट बसवलं.

तू म्हणशील ते. पोलिसांत म्हणशील तर मी येतो.

राजमहंमद


पवनानगर
१२ डिसेंबर

उस्ताद,

पत्र पहिल्यांदा वाचलं आणि चुलीत घालायला उठले. सृष्टीनं हातातनं काढून घेतलं. तिनंबी वाचलं. संध्याकाळी ती गोठ्यात जाऊन गाडीत बसली, मागच्या शिटवर, नवरी बसायची तितं.

रागाचं आधी लिहिते, म्हंजे ते संपेल. नट चुकले त्याचा मला राग आहे, पण तो तेवढा न्हाई. "मनाला लावून घेऊ नकोस" लिहिलंत त्याचा आहे. तीन आठवडे मी माझ्याच घरात चोरासारखी वावरले. ते मी विसरणार न्हाई आणि तुमी विसरावं असंबी मला वाटत न्हाई. पोलिसात जाऊन मी काय करू? तितं कागदावर लिहून इचारायला कुणाला वेळ आहे?

आता दुसरं. तुमाला वाटतं तुमी ह्यांचे कान त्यांच्या नकळत वापरले. एकवीस वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला. त्यांनी घरात कधी नाक खाजवलेलं मी बघितलं न्हाई. शेतात न्हाई, गाडी चालवताना न्हाई, लग्नाच्या मांडवात न्हाई. त्यांना तशी सवयच न्हवती, उस्ताद. दिवाळीच्या माळेला तुमी हलला न्हाईत ते त्यांनी माझ्याआधी बघितलं होतं. म्हणून घरी येताना गप्प होते. म्हणून नटांवर लाल ठिपके दिले. म्हणून मी दर वेळी म्हणायचे, गाडी सोपानसंगट धाडून द्या, अर्धा दिवस कशाला घालवता, आणि ते म्हणायचे, मला गेलंच पायजे. नुसतं एवढंच म्हणायचे. तुमचं झाकलेलं त्यांनी मलाबी उघडून दाखवलं न्हाई.

तिसरं लिहायला मला दोन दिवस लागले.

फोन माझा होता. पलीकडचं भांडणारं माणूस म्हंजे मी. म्हैस आजारी होती, डॉक्टर यायचा होता, घरात कुणी न्हवतं. म्या म्हणलं, गाडी ठेवा तितंच आणि पहिल्या जीपनं या. ते म्हणले, थोडा वेळ थांब, मला उस्तादांपुढं उभं राहायचंय. म्या म्हणलं, उभं राहायचंय? नुसतं उभं राहायला गेलात व्हय लोणावळ्याला? ते परत म्हणले, तुला कळत न्हाई, उभं राहायला पायजे. आणि मग मी जे सुरू झाले ते त्यांना फोन ठेवूच दिला न्हाई. म्हैस दुपारी आपोआप उठली.

तेल माझं न्हवतं म्हणून तुमी मला सोडवलंत, आणि त्याच पत्रात परत धरलंत. तुमाला ठाऊक न्हवतं, तुमी खरं तेवढं लिहिलंत. चालायचं.

लांबडी चालू झाली. सोपाननं बॅटरी लावली, जुनं पेट्रोल काढून नवं घातलं. झाकण न लावताच चालू केली, तेल माझ्या तोंडावर, लुगड्यावर उडालं. पुसलं न्हाई. अकरा नट बरोबर बसलेत, सळई बोटाला लागली की अर्धा फेरा, जसं तुमी लिहिलंत तसं. बारावा, शेवटच्या लाल ठिपक्याचा, मी मुद्दाम ढिला ठेवलाय. टकटक करतो. गोठ्यात घुमतं.

तंबूवाला सोमवारी येणार, त्याला मी न्हाई म्हणणार न्हाई. इंजिन भंगारात जाईल. पण जायच्या आधी ते एकदा धड चालून बंद झालं पायजे, आणि ते तुमच्या हातानं.

रविवारी सकाळी सोपानची जीप तुमच्या दारात येईल. पाना घेऊन या, मधल्या आकाराचा, तुमचा जुना. खिंडीतनं येताना डोळे मिटून घ्या, मीबी घेते. आल्यावर तुमी नट धरा. मी समोर उभी राहीन, हे उभे राहायचे तितंच. टकटक थांबली की मी नाक खाजवीन. चोरून बघायची गरज न्हाई, सरळ माझ्या तोंडाकडं बघा. मग अर्धा फेरा.

मी फोन घरात ठेवून येईन.

भागू